बाराचे तेरा : एका इंग्रजी वाक्प्रचाराची कुळकथा

डझन म्हणजे बारा, हे उन्हाळ्यात हापूसची पेटी उघडणाऱ्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. पेटी चार डझनांची असो वा पाच, वरचे गवत बाजूला सारून फळे मोजली जातात आणि हिशेब बाराच्या पाढ्याने जुळतो. इंग्रजी भाषेत मात्र असाही एक डझन आहे, ज्यात तेरा नग भरतात. त्याचे नाव ‘बेकर्स डझन’, म्हणजे पाववाल्याचा डझन. इंग्रजी वर्तमानपत्रांत, कथा-कादंबऱ्यांत आणि बोलण्यात तो आजही सर्रास आढळतो. एखाद्या संस्थेचे तेरा विश्वस्त असतील, तर त्यांचा उल्लेख गमतीने ‘पाववाल्याचा डझन’ असा होतो.

मराठी माणसाला हा वाक्प्रचार प्रथम ऐकताना थोडा खटकतो. मराठीत तेराचा लौकिक फारसा चांगला नाही. एखाद्या कामाचे ‘तीन तेरा’ वाजले, तर ते पुरते बिघडले असे समजावे. युरोपातही तेरा हा आकडा अशुभ मानला जातो. तरीही तेथील एका व्यापाऱ्याच्या डझनात हा तेरावा नग आपण होऊन येऊन बसला. तो का आला, कोणी आणला आणि त्याची किंमत कोणी मोजली, याची हकीकत तराजू हाती धरणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावी अशी आहे.

किंमत स्थिर, वजन बदलते

या कथेची सुरुवात तेराव्या शतकातील इंग्लंडमध्ये होते. राजा तिसरा हेन्री याच्या कारकिर्दीत, परंपरेने १२६६ हे वर्ष दिल्या जाणाऱ्या एका कायद्याने पाव आणि बिअर यांच्या विक्रीवर नियंत्रण आले. पाव आणि बिअर हे तेथील सामान्य माणसाचे रोजचे अन्न होते. ज्वारीच्या भाकरीवाचून जसा दख्खनचा कष्टकरी राहू शकत नाही, तसा पावावाचून तेथील मजूर राहू शकत नसे. त्यामुळे पावाचा भाव हा राज्याच्या शांततेचा प्रश्न होता.

या कायद्याची रचना आजच्या वाचकाला उलटी वाटेल. आज किलोचे वजन कायम असते आणि भाव चढ-उतार करतो. त्या काळी भाव कायम असे आणि वजन चढ-उतार करी. पेनीचा पाव पेनीलाच विकायचा, पाव-पेनीचा, म्हणजे एका फार्दिंगचा पाव फार्दिंगलाच विकायचा. गहू महागला की पाव लहान करायचा आणि गहू स्वस्त झाला की मोठा करायचा. किती लहान आणि किती मोठा, याचे कोष्टकच कायद्यात दिलेले होते. एक क्वार्टर, म्हणजे आठ बुशेल गहू १२ पेन्सला मिळत असेल, तर ‘वास्टेल’ नावाच्या उत्तम पांढऱ्या पावाचे फार्दिंगला ६ पौंड १६ शिलिंग इतके वजन भरले पाहिजे, असे त्यात नमूद होते. वजनही नाण्यांच्या भाषेत मोजले जात असल्यामुळे २० शिलिंगांचा एक पौंड होई. म्हणजे हे वजन १३६ शिलिंग झाले. गव्हाचा भाव दुप्पट होऊन २४ पेन्स झाला, की पाव नेमका निम्मा, म्हणजे ६८ शिलिंग वजनाचा होई. त्रैराशिकाचा हा सरळ हिशेब होता.

या कोष्टकामागे व्यवहारज्ञान होते. त्या काळी पेनीहून लहान नाणी थोडी होती आणि भाव रोज थोडाथोडा वाढवणे नाण्यांच्या अभावी शक्यच नव्हते. पाव मात्र सुरीएवढ्या बारकाईने लहान-मोठा करता येई. आज पाच रुपयांचे बिस्किटाचे पाकीट वर्षानुवर्षे पाच रुपयांनाच मिळते आणि आतली बिस्किटे हळूहळू कमी होत जातात. त्यामागची युक्ती हीच आहे. फरक एवढाच की इंग्लंडमधील पाव किती कमी व्हावा हे कायदा ठरवी आणि ते सर्वांना माहीत असे. आजच्या पाकिटावरील बारीक अक्षरांतले वजन मात्र क्वचितच कोणी वाचतो.

खोडा, चिखल आणि मोडलेली भट्टी

कायदा म्हटला की शिक्षा आलीच. वजनात थोडी कसर आढळली तर दंड होई. कसर ठराविक मर्यादेबाहेर गेली तर पाववाल्याला खोड्यात उभे केले जाई. मान आणि दोन्ही मनगटे लाकडी फळ्यांत अडकवून भर बाजारात उभे राहण्याची ती शिक्षा होती. अंगाला होणाऱ्या इजेपेक्षा अब्रूची हानी तीत अधिक होती. ज्या गिऱ्हाइकांना काल पाव विकला, तीच गिऱ्हाइके आज समोर उभी राहून हसत असत.

लंडन शहराच्या नियमांचा एक मोठा संग्रह १४१९ मध्ये नगराचे कारकून जॉन कार्पेंटर यांनी सिद्ध केला. ‘लिबर आल्बस’, म्हणजे ‘पांढरे पुस्तक’, या नावाने तो प्रसिद्ध आहे. त्यात कमी वजनाचा पाव विकणाऱ्यासाठी तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या अपराधाला त्याला लाकडी चौकटीवर बांधून, तोच खोटा पाव गळ्यात अडकवून, जास्तीत जास्त गर्दीच्या आणि जास्तीत जास्त चिखलाच्या रस्त्यांवरून घरापर्यंत ओढत न्यावे. दुसऱ्या अपराधाला तशीच धिंड काढून किमान एक तास खोड्यात उभे करावे. तिसऱ्या अपराधाला त्याची भट्टी मोडून टाकावी आणि या शहरात पुन्हा कधीही हा धंदा करणार नाही, अशी शपथ त्याच्याकडून घ्यावी. पावावर प्रत्येक पाववाल्याने आपला शिक्का उमटवावा, असाही नियम होता. त्यामुळे खोटा पाव कोणाच्या भट्टीतला, हे शोधायला वेळ लागत नसे. आज ज्याला व्यापारचिन्ह म्हणतात, त्याचा एक पूर्वज हा शिक्का होय. नाव चमकवण्यापेक्षा जबाबदारी निश्चित करणे हे त्याचे काम होते.

हे नियम निष्कारण कठोर होते, असे म्हणता येणार नाही. १३२७ मध्ये लंडनमधील जॉन ब्रिड नावाच्या पाववाल्याचे प्रकरण उजेडात आले. शेजारपाजारचे लोक घरी मळलेली कणीक त्याच्याकडे भाजायला आणत. ज्या मेजावर ती कणीक ठेवून वळली जाई, त्या मेजाला त्याने एक भोक पाडले होते आणि त्याला उंदराच्या सापळ्यासारखे उघडझाप होणारे झाकण बसवले होते. मेजाखाली नोकर लपून बसे आणि मालक समोर उभा असतानाच वरच्या कणकेचे तुकडे खालून ओढून घेई. चौकशीत अशी भोके आणखीही काही जणांच्या मेजांना सापडली. ज्यांच्या मेजाखाली कणीक मिळाली, त्यांना ती कणीक गळ्यात बांधून खोड्यात उभे केले गेले. एका भोकाने साऱ्या व्यवसायाची अब्रू घालवली. प्रामाणिक पाववाल्याच्या मेजाखालीही लोक वाकून पाहू लागले असतील, तर त्यांना दोष कसा द्यावा?

तेरावा पाव कोठून आला?

आता अडचण प्रामाणिक पाववाल्याची होती. पाव हाताने वळला जाई. प्रत्येक गोळा तोलूनमापून घेणे घाईच्या पहाटे शक्य होईच असे नाही. शिवाय कणकेचा गोळा भट्टीत गेला की त्यातले पाणी उडते आणि वजन साधारण दहाव्या हिश्श्याहून अधिक उतरते. भट्टीच्या मध्यभागी भाजलेला पाव आणि दाराजवळ भाजलेला पाव यांच्या वजनात फरक पडतो. भाजल्यानंतरही पाव जितका वेळ फळीवर राहील, तितका तो सुकतो आणि हलका होतो. सकाळी कायद्यात बसणारा पाव संध्याकाळी तपासनिसाच्या तराजूत कमी भरू शकतो. मनात पाप नसलेला माणूसही अशा रीतीने खोड्याच्या वाटेवर येऊन उभा राही.

यावर उपाय एकच होता: चूक व्हायचीच असेल तर ती गिऱ्हाइकाच्या बाजूने व्हावी. बारा पाव मागणाऱ्याला तेरावा पाव वर द्यायचा. बारांपैकी काही पाव हलके निघाले, तरी तेराव्याने ती तूट भरून निघे. ‘बेकर्स डझन’चा सर्वांत प्रचलित उगम हाच सांगितला जातो. दंडाच्या भीतीने सुरू झालेली ही सावधगिरी पुढे धंद्याची रीत झाली, असे हा अर्थ सांगतो.

अभ्यासक त्याला दुसराही एक अर्थ जोडतात आणि व्यापारी वाचकाला तो अधिक ओळखीचा वाटेल. लंडनमध्ये पाव घरोघरी पोचवण्याचे काम फेरीवाल्या बायका करीत. कायद्याने पावाची किंमत बांधलेली असल्यामुळे त्यांना चढ्या भावाने विकता येत नसे. मग त्यांचा नफा कोठून यायचा? पाववाला त्यांना बाराच्या पैशांत तेरा पाव देई आणि तेराव्याची विक्री हीच त्यांची कमाई असे. या अर्थाने तेरावा पाव म्हणजे किरकोळ विक्रेत्याची सूट होय. हिशेब करून पाहिला तर बारावर एक म्हणजे माल ८.३३ टक्के जादा. आणि तेरा नगांच्या किमतीवर पाहिले तर सूट ७.६९ टक्के. एकच पाव, पण देणाऱ्याच्या वहीत एक टक्केवारी आणि घेणाऱ्याच्या वहीत दुसरी. हा बारकावा घाऊक व्यापारात आयुष्य घालवलेल्यांना नव्याने सांगायला नको.

पुढे पुस्तकांच्या व्यापारातही ही रीत शिरली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील प्रकाशक पुस्तकविक्रेत्यांना बारा प्रतींच्या पैशांत तेरा प्रती देत. त्याला ते ‘बारा म्हणून तेरा’ असेच म्हणत.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. कायदा तेराव्या शतकातला आणि ‘बेकर्स डझन’ हा शब्दप्रयोग लेखी स्वरूपात आढळतो तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस. मध्ये तीन शतकांहून अधिक काळ गेला आहे. म्हणून कायदा झाला आणि लगेच वाक्प्रचार जन्मला, असे म्हणणे सोयीचे असले तरी ओढूनताणून होईल. रीत आधी रुळते, तिला नाव नंतर मिळते. बाजारातील बहुतेक शब्द असेच जन्मतात.

दंतकथेतील म्हातारी

अमेरिकेत या वाक्प्रचाराची एक वेगळीच कथा सांगतात. चार्ल्स स्किनर यांच्या १८९६ च्या लोककथासंग्रहात ती आली आहे. ऑल्बनी गावी डच वस्तीत एक पाववाला राहत असे. सेंट निकोलसच्या आकृतीच्या गोड बिस्किटांसाठी त्याची ख्याती होती. एक म्हातारी आली, तिने एक डझन बिस्किटे मागितली आणि त्याने बारा दिली तेव्हा ‘आणखी एक हवे’ म्हणून हटून बसली. डझन म्हणजे बारा, असे सांगून त्याने तिला परत लावले. त्यानंतर त्याच्या धंद्याला उतरती कळा लागली. अखेरीस त्याने तेरावे बिस्किट दिले, तेव्हा गेलेली बरकत परत आली. तेव्हापासून तेथे डझन तेराचा झाला, अशी ही दंतकथा.

इतिहास म्हणून तिला आधार नाही. पण दोन्ही कथा शेजारीशेजारी ठेवल्या की एक प्रश्न समोर येतो. लंडनचा पाववाला तेरावा पाव खोड्याच्या भीतीने देतो. ऑल्बनीचा पाववाला तो बरकतीसाठी देतो. गिऱ्हाइकाच्या टोपलीत दोन्हीकडे तेराच पाव पडतात. देणाऱ्याच्या मनात काय होते, हे टोपली सांगत नाही.

भाषेने मात्र या तेराव्याचा एक तिरकस अर्थही जपून ठेवला. जुन्या इंग्रजी बोलीत एखाद्याला ‘बेकर्स डझन’ देणे म्हणजे त्याला यथेच्छ चोप देणे. जेवढे फटके लागू, तेवढे आणि वर एक!

शीग, पासंग आणि दांडी

मराठीत ‘पाववाल्याचा डझन’ नाही, पण त्याचे सगेसोयरे पुष्कळ आहेत. धान्य मापाने मोजण्याच्या काळात पायली किंवा शेर काठोकाठ भरल्यावर वर जो निमुळता ढीग राही, त्याला शीग म्हणत. माप सपाट करून द्यायचे की शिगेचे, यावरून दुकानदाराची ओळख ठरे. उत्साह ‘शिगेला पोचतो’ तेव्हा त्यामागे धान्याने भरलेले हे माप उभे असते. मोजणी करणारा पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणे. घेणाऱ्याचे आणि देणाऱ्याचे शुभ एकाच शब्दात चिंतिले जाई.

तराजूच्या दोन पारड्यांत फरक असेल तर हलक्या बाजूला जो तुकडा बांधतात, तो पासंग. एखादा दुसऱ्याच्या ‘पासंगालाही पुरत नाही’ असे म्हणताना हाच तुकडा अभिप्रेत असतो. आज शाळेला ‘दांडी मारणे’ म्हणजे गैरहजर राहणे. तराजूच्या दांडीला हळूच झटका देऊन वजनात फसवणे हाही त्याच शब्दांचा अर्थ. आणि ‘मापात पाप’ या दोन शब्दांत तर इंग्लंडच्या साऱ्या कायद्याचे सार आले आहे.

जैन परंपरेने या पापाला नेमके नाव दिले आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘हीनाधिक मानोन्मान’ हा एक आहे. घेताना मोठे माप आणि देताना लहान माप वापरणे, असा त्याचा आशय. हलक्या किंवा बनावट वस्तूची भेसळ करून विकणे, हाही त्याच मालिकेतील दुसरा अतिचार. लक्षात घेण्यासारखे असे की हा दोष येथे गृहस्थाच्या, म्हणजे दुकान चालवणाऱ्या माणसाच्या व्रतात मांडला आहे. मेजाखालच्या भोकातून कणीक ओढणे ही चोरीच आहे, हे सांगायला तेथे खोड्याची गरज पडली नाही.

आजचा तेरावा नग

इंग्लंडमधील पावाचा हा कायदा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्यवहारातून गेला आणि पाव वजनावर विकला जाऊ लागला. इंग्रजांच्या मापांतील वाकडेपणा मात्र टिकला. त्यांचा हंड्रेडवेट म्हणजे शंभर पौंड असावा असे वाटते. तो ११२ पौंडांचा असतो. मुंबईच्या कापूस बाजारातील खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे असे बरोबर सात हंड्रेडवेट. मेट्रिक पद्धत येऊन सहा दशकांहून अधिक काळ लोटला, तरी कापसाचे भाव आजही सुमारे ३५६ किलोच्या याच खंडीवर बोलले जातात.

भारतात सध्या २००९ चा वैध मापन कायदा लागू आहे. आवेष्टित मालाच्या नियमांनुसार अर्ध्या किलोच्या एखाद्या पाकिटात १५ ग्रॅमपर्यंतची तूट क्षम्य धरली जाते. पण नमुन्यादाखल तपासलेल्या पाकिटांची सरासरी जाहीर वजनापेक्षा कमी असता कामा नये. म्हणून पाकिटे भरणारे कारखानदार आपले यंत्र छापील वजनापेक्षा थोडे वर लावून ठेवतात. वर्षाअखेरीस या दोन-तीन ग्रॅमांची बेरीज मोठी होते आणि ती खर्चात धरावी लागते. लंडनच्या पाववाल्याचा तेरावा पाव आज असा ग्रॅमांत वाटला गेला आहे.

तरीही कसोटीचे प्रसंग रोज येतात. मिठाई खोक्यासकट तोलली जाते तेव्हा गिऱ्हाइकाला पुठ्ठा काजूकतलीच्या भावाने पडतो. दीडशे ग्रॅमचा खोका आणि किलोला हजार रुपयांची मिठाई, असा हिशेब केला तर एका खोक्यामागे दीडशे रुपये होतात. कायद्याला निव्वळ वजन अभिप्रेत आहे, हे दुकानदाराला ठाऊक असते. गिऱ्हाईक मात्र संकोचाने बोलत नाही. शेतकऱ्याच्या पोत्यामागे ‘कटती’ म्हणून दोन-चार किलो वजा होतात, तेव्हाही घेण्याचे माप आणि देण्याचे माप वेगळे झालेले असते. आधी रिकामा खोका पारड्यात ठेवून काट्याचा आकडा शून्यावर आणायला तीन सेकंद लागतात. ती तीन सेकंदे कोणी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत खर्च करतो, कोणी करत नाही.

‘बेकर्स डझन’ या दोन शब्दांनी हाच फरक जपला आहे. राजाने केलेला नियम होता बाराचा. तेरावा पाव कोणत्याही कलमात लिहिलेला नव्हता. तो व्यापाऱ्याने स्वतः ठरवला, त्याचा खर्च स्वतः सोसला आणि पिढ्यान्पिढ्या दिला. कायदा गेला, खोडे गेले, तपासनीस गेले. ज्यांच्या गळ्यात कणीक बांधली गेली, त्यांची नावे दप्तरात उरली. ज्यांनी मुकाट्याने तेरावा पाव टोपलीत टाकला, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. पण त्यांच्या व्यवसायाचे नाव एका भाषेने कायमचे तेराच्या आकड्याला दिले.